प्राथमिकच्या मुलांना ऑर्केस्ट्राची वाद्यं प्रत्यक्ष ऐकवायची आहेत: कार्यक्रम कसा आखावा?

खडूफळा
नमस्कार मंडळी,
मी तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकवते. पुढच्या सत्रात आमच्या मुलांसाठी सिम्फनी ऑर्केस्ट्राची खास मैफल होणार आहे. वादक मनापासून तयार आहेत, सभागृह मिळालंय, वेळ पाऊण तास. काय वाजवायचं आणि कसं दाखवायचं हे ठरवणाऱ्या छोट्या गटात मीही आहे.

गटातल्या बहुतेकांचं म्हणणं असं की निवेदकाने एकेका वाद्याचं नाव सांगावं, वादकाने उभं राहून मिनिटभर वाजवावं, मग पुढचं वाद्य. शेवटी सगळ्यांनी मिळून एक रचना. मला हे पटत नाही. पंधरा-सोळा वाद्यांची अशी हजेरी घेतली तर पाचव्या नावानंतर मुलांच्या डोक्यात काहीच उरणार नाही. आवाज नेमका कुठून आणि कशामुळे निघतोय हे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, नाव नंतर कळलं तरी चालेल, असं माझं मत आहे. पण "मत आहे" म्हटल्यावर गट ऐकत नाही, म्हणून इथे आले.

सगळी वाद्यं दाखवावीत की मोजकी? गोष्ट असावी की नुसतं संगीत? आधी वर्गात काय करून घ्यावं? वादक, पालक, शिक्षक, सगळ्यांनी लिहा.

चेलोवाली
मोजकी! दहादा मोजकी!

मी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवते आणि मुलांचे कार्यक्रम आवडीने करते. त्यातला एक प्रयोग सांगते, तुमच्या वादकांनाही जमेल. दोन गज घेऊन जायचे. एकाला नवे केस बसवलेले, राळ अजिबात लावलेली नाही. तो तारेवरून ओढायचा. हात पूर्ण हलतोय, गज तारेवर आहे, आणि आवाज जवळजवळ नाहीच. मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. कोणीतरी ओरडतंच, "बिघडलाय!" मग दुसरा, राळ लावलेला गज घ्यायचा आणि सगळ्यात खालची तार एकदा लांब ओढायची. मग राळेचा तुकडा दाखवायचा, घोड्याच्या शेपटीचे केस दाखवायचे. केस तारेला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, असं एका सेकंदात कितीतरी वेळा होतं आणि त्याचाच सूर होतो, हे त्यानंतर सांगितलं की लगेच समजतं. व्हायोलिन, व्हायोला आणि डबल बेस वेगळे समजवावे लागत नाहीत, मुलंच म्हणतात की तिकडेही तेच चाललंय.

एका कुटुंबातलं एक वाद्य नीट उलगडलं की बाकीची आपोआप जवळची होतात. हजेरीला माझाही विरोध.

सरळमार्गी
थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. शेकडो मुलांना रांगेने नेणं-आणणं, सभागृहात शेवटच्या रांगेतल्या मुलाला पुढच्यांची डोकी दिसणं, वर पाऊण तास गप्प बसणं. त्यापेक्षा वर्गात उत्तम चित्रफीत दाखवली तर ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) वाजवणाऱ्याचे ओठसुद्धा दिसतात. थांबवता येतं, पुन्हा दाखवता येतं. वाद्यांची ओळखच करून द्यायची असेल तर प्रत्यक्ष मैफलीचा अट्टहास कशासाठी? मला खरंच समजून घ्यायचंय.

मंद्रसप्तक
@सरळमार्गी, प्रश्न रास्त आहे.

डबल बेसची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची. वर्गातल्या छोट्या स्पीकरला तो मूळ सूर पेलतच नाही, आपल्याला ऐकू येतात ते वरचे उपस्वर, आणि मेंदू खालचा सूर मनाने भरून काढतो. सभागृहात तोच सूर लाकडी जमिनीतून पायांना कळतो. दुसरं म्हणजे दिशा. एखादी धून व्हायोलिनकडून निघून मागच्या हॉर्नकडे (पितळी फुंकवाद्याकडे) जाते तेव्हा मुलांच्या माना वळतात. स्पीकरसमोर मान वळवायला जागाच नसते.

तरी चित्रफितीला शत्रू मानू नये. अमेरिकी संगीतसंचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांचे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबरचे 'यंग पीपल्स कॉन्सर्ट्स' १९५८ ते १९७२ या काळात झाले, एकूण ५३, आणि ते दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. सभागृहातल्यापेक्षा कितीतरी जास्त मुलांनी ते घरी पाहिले. पण समोर मुलं बसलेली होती म्हणून ते तसे बोलू शकले, हेही पाहताना जाणवतं. आधी मैफल आणि मग उजळणीला चित्रफीत, हा क्रम मला बरा वाटतो.

पिटुकली
मंद्रसप्तक +१. मान वळण्याचा मुद्दा शंभर टक्के.

गोष्टीवेल्हाळ
अजून कोणी 'पीटर अँड द वुल्फ'चं नाव कसं काढलं नाही?

प्रोकोफिएव्ह यांनी १९३६ साली मॉस्कोच्या मुलांच्या नाट्यगृहासाठी मुद्दाम याच कामाकरता लिहिलेली रचना आहे ही. पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा बासून (खर्जाचं लाकडी फुंकवाद्य), लांडगा तीन हॉर्न, आणि पीटर म्हणजे सगळी तंतुवाद्यं. शिकाऱ्यांच्या बंदुका टिंपनी आणि मोठ्या ढोलावर. अर्ध्या तासाच्या आत गोष्ट संपते, म्हणजे पाऊण तासात चपखल. शिवाय कार्यक्रमाआधी मुलांना ही वाद्यं दाखवावीत आणि त्यांच्या धून ऐकवाव्यात, अशी संगीतकाराची स्वतःचीच सूचना आहे. एवढं आयतं मिळाल्यावर आणखी काय हवं?

मुलांना पुढे काय होणार याची उत्सुकता असते, त्यामुळे कान आपोआप उघडे राहतात. लांडगा आला हे निवेदकाच्या आधी हॉर्न सांगतात, आणि मुलं ते ओळखतात!

निर्गुण
रचना सुंदर आहे, पण मुलांची पहिली ओळख तिच्यातून व्हावी याला माझा विरोध आहे. ओबो एकदा बदक झाला की बदकच राहतो. ज्या वाद्याकडे इतका व्याकूळ, लांबणारा सूर आहे त्याला आपण क्वॅक-क्वॅक करायला बसवतो. मूल संगीत ऐकत नाही, गोष्ट ऐकतं, आणि आवाज तिच्या मागे राहतो.

मी संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची १९४६ साली पहिल्यांदा सादर झालेली 'द यंग पर्सन्स गाइड टू दि ऑर्केस्ट्रा' सुचवेन. हेन्री पर्सेल यांची जुनी धून आधी पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजवतो, मग वाद्यांची चारही कुटुंबं (तंतुवाद्यं, लाकडी फुंकवाद्यं, पितळी फुंकवाद्यं, तालवाद्यं) आपापल्या परीने. त्यानंतर त्याच धूनचे तेरा बदल (व्हेरिएशन्स) येतात, बासऱ्यांपासून थेट तालवाद्यांपर्यंत. शेवटी पिकोलो (छोटी बासरी) एकट्याने एक धावती धून सुरू करतो आणि एकेक वाद्य त्यात शिरत जातं, आणि सगळं रंगात आलेलं असताना त्याच्यावरून पर्सेलची धून परत येते. इथे वाद्याला मुखवटा नाही. धून एकच राहते आणि आवाज बदलतो, त्यामुळे मुलाचं लक्ष आवाजाच्या पोतावर जातं. आपल्याला हवंय तेच हे.

गोष्टीवेल्हाळ
@निर्गुण, आठ वर्षांच्या मुलाला "पोत" कळण्याआधी नातं जुळावं लागतं हो. माझी भाची अजून बासूनला आजोबाच म्हणते, आणि त्या आजोबांपायी तिने बासूनच्या कितीतरी रचना शोधून ऐकल्या. मुखवट्यातूनच ती आत गेली.

आणि तेरा बदल म्हणजे पुन्हा हजेरीच की! खडूफळा यांना तीच नको आहे.

निर्गुण
हजेरीत एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. इथे तेराही जण एकाच धूनचे धागेदोरे ओढतायत. मात्र भाचीचं उदाहरण आवडलं. बासूनच्या वाट्याला असा श्रोता आला याचा आनंद आहे.

तालमणी
मागच्या रांगेतून बोलतोय, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेतून. तालवाद्यं वाजवतो.

मुलांना सगळ्यात आधी आम्हीच दिसतो, कारण आम्ही उभे असतो आणि आमच्याकडे मोठ्या वस्तू असतात. पण आमचं निम्मं काम न वाजवण्याचं असतं, आणि ते मुलांना कधीच कोणी दाखवत नाही. ड्वोर्झाक यांच्या नवव्या सिम्फनीत झांजांचा ठोका एकच आहे, चौथ्या भागात, तोही मोठ्याने नाही. तोवर झांजवाला मनातल्या मनात मोजत बसतो. मुलांना मी विचारतो, "माझ्याबरोबर मोजाल का?" सगळं सभागृह बोटांवर मोजायला लागतं, आणि आपला क्षण आला की त्यांचे डोळे असे चमकतात की विचारू नका. त्या मोजण्यात ती बाकीच्या सगळ्यांना ऐकतात. ऐकणं शिकवायला याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

टिंपनी दाखवताना पायाखालचं पेडल दाखवा. ढोल म्हणजे फक्त ताल अशी मुलांची समजूत असते. पेडल दाबल्यावर कातडं ताणलं जातं आणि सूर वर सरकतो, हे पाहून "ढोल गातोय!" असं हमखास ऐकू येतं.

चेलोवाली
@तालमणी, मोजण्याची कल्पना आमच्या पुढच्या कार्यक्रमासाठी उचलतेय. आभार.

रंगीबेरंगी
हायडन यांची ९४ वी सिम्फनी ठेवा ना, 'सरप्राइज'! दुसऱ्या भागात हळूच, हळूच चाललेलं असतं आणि एकदम धाडकन सगळे वाजवतात. मुलं उड्या मारतील.

शांतवेळ
@रंगीबेरंगी, कृपया विचार करून. माझ्या मुलाला अचानक आलेला मोठा आवाज सहन होत नाही, अंग आक्रसून घेतो आणि मग त्याला बाहेर न्यावंच लागतं. प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतं, कधी शिक्षकांना माहीतही नसतं.

हायडन जरूर ठेवा, पण आधी सांगून. "आता एक मोठा आवाज येणार आहे, कुठे येतो ते ओळखा" असं म्हटलं तर भीती जाते आणि खेळ उरतो. मजा कमी होत नाही, उलट मुलं श्वास रोखून वाट बघतात. त्याखेरीज दाराजवळच्या काही खुर्च्या मोकळ्या ठेवा, कान झाकायचे हेडफोन हाताशी असू द्या, उठून बाहेर जाण्याला आणि परत येण्याला कोणीही हटकू नये. तालवाद्यांच्या आणि ट्रम्पेटच्या थेट समोरच्या जागा अशा मुलांना देऊ नका. माझा मुलगा या सोयी असताना पूर्ण कार्यक्रम बसला आहे, आणि हार्प त्याला इतकी आवडली की घरी येऊन त्याने तिच्या लाल तारांसकट चित्र काढलं. (हार्पवरच्या 'सी' सुराच्या तारा लाल असतात, 'एफ'च्या काळ्या किंवा निळ्या. सत्तेचाळीस तारांत बोट चुकू नये म्हणून. हे त्यानेच मला सांगितलं.)

रंगीबेरंगी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आधी सांगून खेळ करायचा, हे फारच छान.

मंद्रसप्तक
शांतवेळ यांच्या प्रतिसादाला जोडून: ज्यांना ऐकू कमी येतं किंवा येत नाही अशी मुलं असतील तर त्यांच्या हातात फुगवलेला फुगा द्या. दोन्ही तळव्यांत हलका धरला की खर्जाचे सूर फुग्याच्या पडद्यावर थरथरताना कळतात. त्यांना डबल बेस आणि टिंपनीजवळ बसवा. इव्हलिन ग्लेनी या जगप्रसिद्ध तालवादकांना लहानपणीच बहिरेपण आलं, त्या अनवाणी वाजवतात, कंपनं पायांतून घेता यावीत म्हणून. त्यांची ओळख या मुलांना जरूर करून द्यावी, आणि ऐकू येणाऱ्या मुलांनाही.

नळीवाला
विषयांतराबद्दल आधीच क्षमा, पण फुंकवाद्यांवर कोणी बोलतच नाहीये!

वर्गात आदल्या दिवशी करायचा प्रयोग: कागदी किंवा प्लास्टिकचा स्ट्रॉ घ्या, एक टोक दातांनी चपटं करा, कात्रीने दोन्ही कोपरे तिरके कापून टोकाला चोच करा. चोच ओठांत धरून जोरात फुंका. पहिल्यांदा नुसती हवा जाते, मग एकदम कर्कश्श सूर निघतो. तो निघत असतानाच दुसऱ्या टोकाने स्ट्रॉ कात्रीने कापत जा, सूर वर वर चढतो. हा झाला ओबो. सनईचंही हेच तत्त्व, दोन पात्यांची थरथर. दुसऱ्या दिवशी मैफलीत ओबोवाला आपली दुहेरी रीड वाद्यातून काढून नुसतीच वाजवून दाखवू दे. सगळी मुलं ओळखतील.

दुसरा प्रयोग बागेतल्या रबरी नळीचा. पावणेचार मीटरच्या आसपास नळी, एका टोकाला हॉर्नचं माउथपीस, दुसऱ्या टोकाला नरसाळं. एफ हॉर्न उलगडला तर साधारण तेवढाच लांब होतो, म्हणून आवाजही जवळपास तसाच येतो. डेनिस ब्रेन या थोर हॉर्नवादकाने १९५६ साली लंडनच्या हॉफनुंग संगीत महोत्सवात लेओपोल्ड मोझार्ट यांची रचना रबरी नळीवर वाजवली होती. पितळेची वाद्यं मुळात ओठांची थरथर आणि लांब नळी यांवर चालतात, हे मुलांना एका मिनिटात समजतं.

जिज्ञासू_सातवी
मी सातवीत आहे, बाबांच्या खात्यावरून लिहितोय. मग बासरी धातूची असून लाकडी फुंकवाद्यांत का? आणि सॅक्सोफोन पितळेचा आहे ना?

नळीवाला
शाब्बास! गट कशाचं बनवलंय यावरून पडत नाहीत, आवाज कसा निघतो यावरून पडतात. बासरीत हवेचा झोत भोकाच्या काठावर फुटतो, सॅक्सोफोनमध्ये क्लॅरिनेटसारखी एक पाती थरथरते. ट्रम्पेट, हॉर्न, ट्रोम्बोन आणि ट्यूबात थरथरतात वाजवणाऱ्याचे ओठ. बासऱ्या पूर्वी लाकडाच्याच असायच्या, नाव तेव्हाचं. बाबांना नमस्कार सांग.

सरळमार्गी
इतकं वाचल्यावर मान्य करतो, राळ नसलेला गज आणि मोजणारं सभागृह चित्रफितीत मिळणार नाही. पण शेवटच्या रांगेचा प्रश्न अजून तसाच आहे. त्या मुलांनी पाहायचं काय? मोठा पडदा लावून वादकांचे हात दाखवले तर?

चेलोवाली
पडदा लावला की मुलं पडद्याकडेच बघतात, मंचाकडे नाही. आम्ही मंचच मोडतो. सुरुवातीला काही वादक सभागृहात पसरून बसतात, एक व्हायोलिन मधल्या वाटेत, एक हॉर्न अगदी मागे, बासरी बाल्कनीत. पहिली रचना तिथूनच वाजते. मागच्या मुलांच्या हातभर अंतरावर हॉर्न असतो आणि पुढची मुलं मागे वळून त्यांचा हेवा करतात. मग वादक वाजवत वाजवत मंचावर जातात. तारा जुळवणंही मुलांसमोरच करा: ओबोचा 'ए' (सगळे ज्याला जुळवून घेतात तो सूर) मिळाला की मुलांनाच तो गुणगुणायला सांगा, त्यावर सगळी वाद्यं एकेक करून मिळू देत.

सुरावट_सर
शाळेत संगीत शिकवतो. खडूफळा यांचा तिसरा प्रश्न, आधी वर्गात काय करावं, सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष गेलंय.

मैफलीत वाजणारी मुख्य धून मुलांनी आधी गायलेली असली पाहिजे. ऐकलेली नव्हे, गायलेली. रोज पाच मिनिटं, शब्दांशिवाय, ला-ला करत. ओळखीची धून अनोळखी आवाजात ऐकली की मुलाचं लक्ष त्या नव्या आवाजावर जातं. धूनही नवी आणि वाद्यही नवं असलं तर दोन्ही हातचे जातात. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या 'लिंक अप' कार्यक्रमात तर मुलं वर्षभर शाळेत गाणं आणि रेकॉर्डर (बासरीसारखं साधं वाद्य) शिकतात आणि मैफलीत आपापल्या खुर्चीवरून ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतात. तेवढं जमलं नाही तरी एक धून सर्वांनी मिळून गाणं सहज जमतं.

गोष्ट की नुसतं संगीत यावर माझं मत मधलं आहे. सँ-साँस यांच्या 'कार्निव्हल ऑफ द अॅनिमल्स'मधले (१८८६) दोन-तीन तुकडे घ्या. हत्तीसाठी डबल बेस, हंसासाठी चेलो. कासवांच्या तुकड्यात ओफेनबाख यांचा धावता कॅनकॅन (नाचाची धून) अतिशय संथ करून वाजवलाय. आधी मूळ वेगाने वाजवा, मग कासवाच्या. प्राणी दोन मिनिटांत येऊन जातो, वाद्याला कायमचा चिकटत नाही. निर्गुण आणि गोष्टीवेल्हाळ, दोघांनाही चालावं!

निर्गुण
चालेल. हंस तर हवाच.

गोष्टीवेल्हाळ
हत्तीसाठी मी मांडवली करायला तयार आहे.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद छापून गटाच्या बैठकीत नेला आणि कार्यक्रम पूर्ण बदलला.

आता असा ठरलाय: वादक सभागृहात पसरलेले असतील, सुरुवात तारा जुळवण्यापासून, मुलं 'ए' गुणगुणतील. मग फक्त चार वाद्यं जवळून: चेलो (राळ नसलेल्या गजासह!), ओबो, हॉर्न आणि टिंपनी. प्रत्येक कुटुंबातलं एक. हॉर्नच्या वेळी रबरी नळी. त्यानंतर हत्ती, कासव आणि हंस. हायडन आधी सांगून. शेवटी पर्सेलची धून, जी मुलं दोन आठवडे वर्गात गातील, आणि लगेच ब्रिटन यांच्या रचनेचा शेवटचा भाग. त्या धूनचं परत येणं मुलं पकडतात का, हे मला बघायचंय. 'पीटर' पुढच्या वर्षी, स्वतंत्र, अशी गोष्टीवेल्हाळ यांना खात्री देते.

दाराजवळच्या खुर्च्या, हेडफोन आणि फुगे यांची जबाबदारी मी स्वतः घेतली आहे. एक प्रश्न उरलाय: कार्यक्रमानंतर मुलांना वाद्यं हाताळू द्यायची आहेत. वादक थोडे धास्तावलेत. काय काळजी घ्यावी?

चेलोवाली
वादकांची रोजची वाद्यं देऊ नका, शाळांकडची शिकाऊ वाद्यं मागवा. व्हायोलिन अर्धं आणि पाव मापाचं मिळतं, चेलोही. मोठं वाद्य हातात दिलं तर मुलाला वाटतं हे आपल्यासाठी नाहीच. मूल गज ओढत असताना मोठ्या माणसाने वाद्य धरून ठेवावं. आणि गजाच्या केसांना बोट लावायचं नाही हे आधीच सांगा, हाताचं तेल लागलं की राळ धरत नाही.

नळीवाला
ओबो, बासूनच्या रीड कोणालाही तोंडात घेऊ देऊ नका, त्या नाजूक असतात आणि नीट पुसताही येत नाहीत. पितळी वाद्यांसाठी प्लास्टिकची माउथपीस भरपूर घ्या, प्रत्येक मुलानंतर जंतुनाशकाने पुसा. रांगेत असतानाच मुलांना नुसत्या ओठांनी बर्रर्र करायला शिकवा, म्हणजे वाद्य हातात आल्यावर पहिल्याच फुंकेत आवाज निघतो. ट्रोम्बोन प्लास्टिकचा मिळतो, हलका असतो, तोच घ्या. सातव्या जागेपर्यंत (सरकदांड्याच्या सगळ्यात लांबच्या जागेपर्यंत) त्यांचे हात पोचणार नाहीत, तिथे मोठ्या माणसाने सरकदांडा ओढावा, सूर मुलाने काढावा.

तालमणी
टिंपनीच्या काठ्या मऊ गोळ्याच्या ठेवा आणि मुलांना मधोमध नाही, काठापासून चार बोटं आत मारायला सांगा, तिथेच सूर गोल लागतो. पेडलवर त्यांचाच पाय असू दे.